ग्रीसमधील मंदी, एन्सिमाचे दिवस आणि आमच्या घराचे निवास परवाने

२०१७ च्या मे महिन्यात आमच्या मुलीची ग्रीक नागरिक म्हणून नोंद झाली आणि २०१२ मध्ये सुरू झालेली कागदपत्रांची एक प्रदीर्घ वाटचाल आमच्यापुरती पूर्ण झाली. माझे पती आल्बेनियन आहेत, मी रत्नागिरी जिल्ह्यातली आहे आणि आम्ही अथेन्सच्या कीप्सेली भागात राहतो. मंदी आली की परक्या देशातून आलेल्या कामगाराचा रोजगार आधी जातो, हे सर्वांना दिसते. रोजगारामागोमाग तिथे राहण्याचा त्याचा हक्कही दिवसागणिक झिजत जातो, हे मात्र त्या कागदांतून गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून आम्ही काय केले आणि कशी वाट पाहिली, ते क्रमाने लिहून ठेवत आहे. आखातातील नोकरी सुटली की व्हिसाही संपतो, हे कोकणातल्या कितीतरी घरांनी सोसले आहे. त्यांना यातील बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील.

थोडी पूर्वपीठिका सांगणे आवश्यक आहे. आल्बेनियातील साम्यवादी राजवट १९९१ च्या सुमारास कोसळली आणि तोवर बंद असलेली सीमा ओलांडून हजारो तरुण डोंगर तुडवत ग्रीसमध्ये उतरले. कोर्चा शहराजवळच्या एका गावातून माझे पती १९९३ मध्ये, विशीत पोहोचण्याआधीच, असेच चालत आले. धरपकडीत सापडून परत पाठवले गेले आणि पुन्हा आले. १९९७ मध्ये आल्बेनियात भरमसाट व्याजाचे आमिष दाखवणाऱ्या गुंतवणूक योजना बुडाल्या, घरोघरची बचत नाहीशी झाली, देशभर दंगली उसळल्या आणि सासूबाईंनी मुलांना परत बोलावणे सोडून दिले. १९९८ मध्ये ग्रीसने बिनपरवाना कामगारांना प्रथमच नोंदणीची संधी दिली, तेव्हा माझ्या पतींना आधी तात्पुरत्या नोंदणीचे पांढरे आणि नंतर राहण्या-कामाच्या परवान्याचे हिरवे कार्ड मिळाले. २००१ च्या ग्रीक जनगणनेत सुमारे ७ लाख ६२ हजार परदेशी नागरिक मोजले गेले, त्यांपैकी सुमारे ४ लाख ३८ हजार आल्बेनियन होते. पुरुष मुख्यतः बांधकामावर आणि शेतात, बायका घरकामात आणि वृद्धांच्या सेवेत, अशी ही विभागणी होती. २००४ च्या ऑलिम्पिकसाठी अथेन्समध्ये जे काही उभे राहिले, त्याच्या भिंतींवर या माणसांचा हात फिरलेला आहे. माझे पती प्लास्टरचे काम करतात.

मी २००६ मध्ये एका जहाज कंपनीच्या खलाशी भरतीच्या विभागात मुंबईहून पिरिअसला आले. २००८ मध्ये आमचे लग्न झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस जहाजांचे मालभाड्याचे दर कोसळले आणि पुढच्या वर्षी कंपनीने आमचा विभाग बंद केला. माझा नोकरीवर आधारलेला परवाना तेव्हा कुटुंबीयाच्या परवान्यात बदलून घेतला. या बदलाचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. अशा परवान्याची मुदत पतीच्या परवान्याच्या मुदतीबरोबरच संपते आणि त्यांचा परवाना नाकारला गेला, तर पत्नीचा आणि मुलांचाही आधार जातो. म्हणजे यापुढे आम्हा तिघांचे ग्रीसमधील राहणे एका माणसाच्या कामाच्या दिवसांवर अवलंबून होते.

ते दिवस मोजले जातात एन्सिमामध्ये. एक एन्सिमो म्हणजे सामाजिक विम्याचा हप्ता भरलेला कामाचा एक दिवस. हप्त्याचा मोठा भाग मालक भरतो, काही भाग कामगाराच्या मजुरीतून कापला जातो आणि ही नोंद तेव्हा ईका नावाच्या विमा संस्थेकडे होत असे. परवान्याच्या नूतनीकरणासाठी वर्षाला २०० एन्सिमा दाखवावे लागत. बांधकामे जोरात होती तोवर याची चिंता कोणी करत नसे. ऑक्टोबर २००९ मध्ये नव्या ग्रीक सरकारने तुटीचे खरे आकडे जाहीर केले, मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंच्या कर्जाचा पहिला करार झाला आणि त्यानंतर जे क्षेत्र सर्वांत आधी थंडावले ते बांधकामाचे. परवान्यासाठी लागणारे दिवस सरकारने पुढे २०० वरून १२० वर आणले, परंतु काम त्याहून वेगाने कमी होत होते. जे थोडे काम मिळे, ते रोख पैशावर आणि विम्याशिवाय मिळे. ठेकेदार स्पष्ट सांगत, की विमा हवा असेल तर दुसरा माणूस बघतो. घरातला चुलीचा खर्च पाहायचा की परवान्याचे दिवस, हा प्रश्न त्या काळात आमच्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक आल्बेनियन घरात होता.

२०११ च्या उन्हाळ्यात आम्ही ईकाकडून विम्याचा छापील उतारा काढून आणला, तेव्हा एका ठेकेदाराने मजुरीतून हप्ता कापूनही तो भरलाच नसल्याचे दिसले. तक्रार करता येते आणि आम्ही ती केली. पतींना प्रत्येक दिवसाची जागा, पत्ता आणि मजुरी एका वहीत लिहून ठेवण्याची सवय होती आणि सोबत काम करणाऱ्या दोघांनी साक्ष दिली, म्हणून काही दिवस मान्य झाले. सगळे झाले नाहीत. ज्यांचा परवाना कामाच्या दिवसांवर अवलंबून आहे, त्यांनी दर तीन महिन्यांनी हा उतारा काढून स्वतःच्या वहीशी ताडून पाहावा. मुदत संपायच्या महिन्यात चूक सापडली, तर ती दुरुस्त करायला वेळच उरत नाही.

उरलेले दिवस भरून काढण्याचे दोन कायदेशीर मार्ग होते. एक म्हणजे कमी पडलेल्या दिवसांचा काही भाग स्वतः हप्ता भरून विकत घेणे, ज्याला मर्यादा होती. दुसरा म्हणजे एर्गोसिमो. घरकाम आणि शेतमजुरीसाठी सुरू झालेले हे एक प्रकारचे मजुरीचे धनादेश आहेत. मालक ते विकत घेऊन कामगाराला देतो, कामगार ते वटवतो आणि विम्याचा भाग परस्पर कापला जातो. पती त्या हिवाळ्यात पेलोपोनीजमध्ये ऑलिव्हच्या तोडणीला गेले आणि मजुरी थोडी कमी घेऊन एर्गोसिमोच्या रूपातच मागितली. मी त्याच सुमारास शेजारच्या एका वृद्ध बाईंची देखभाल करू लागले. आमच्या इमारतीतल्या आल्बेनियन बायकांकडे पाहिले, तर संकटाच्या काळात घर चालवण्याचा भार त्यांच्यावरच आला होता. बांधकामे थांबली तरी म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणे आणि जिने धुणे थांबत नाही. वीस वर्षे कमावून आणणारे पुरुष दिवसभर घरी बसत, आणि घरात त्याविषयी कोणी बोलत नसे. तो काळ मला सर्वांत कठीण वाटला.

२०१२ मध्ये परत जाण्याचा प्रश्न उघडपणे पुढे आला. त्या वर्षी अथेन्सहून कोर्च्याला जाणाऱ्या बसगाड्यांच्या टपावर आणि पोटात धुलाईयंत्रे, सायकली, मुलांचे पलंग भरलेले दिसत. आल्बेनियाच्या सांख्यिकी संस्थेने आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेसोबत केलेल्या पाहणीनुसार २००९ ते २०१३ या काळात १८ वर्षांवरील १ लाख ३३ हजार ५४४ आल्बेनियन परत आले. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के ग्रीसमधून आले होते आणि निम्म्याहून अधिक जण शेवटच्या दोन वर्षांत परतले. माझे धाकटे दीर, जाऊ आणि पुतण्या त्यांपैकीच. ग्रीसमधून पाठवलेल्या पैशांवर उभी राहिलेली गावे आता परतलेल्या माणसांना पोसू लागली. आमच्याकडेही ओघ उलटा फिरला. पूर्वी आम्ही सासूबाईंना दरमहा पैसे पाठवत असू. आता त्या बसचालकाच्या हाती घेवड्याच्या शेंगांचे दाणे, अक्रोड आणि लोणच्याच्या बरण्या पाठवू लागल्या. त्यांच्या वयाला आणि अभिमानाला ते शोभत होते, तरी त्या पिशव्या उतरवून घेताना पतींचा चेहरा पाहवत नसे.

आम्ही राहायचे ठरवले, त्याचे कारण मुलगी. ती इथे जन्मली होती, बालवाडीत ग्रीक बोलत होती, आणि पुतण्याचे काय झाले ते आम्ही पाहत होतो. चौथीपर्यंत ग्रीक शाळेत शिकलेल्या त्या मुलाला आल्बेनियन बोलता येत असे, पण लिहिता येत नसे. कोर्च्याच्या शाळेत त्याला खालच्या वर्गात बसवावे असे सुचवले गेले. परत जाणाऱ्या पालकांनी शाळेचा दाखला आणि गुणपत्रके अपोस्टील शिक्क्यासह (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का) निघण्यापूर्वीच काढून घ्यावीत. जाऊबाईंना त्यासाठी पुन्हा अथेन्सला यावे लागले.

आमच्या परवान्यांची मुदत ऑक्टोबर २०१२ मध्ये संपत होती. मुदतीच्या दोन महिने आधीपासून अर्ज घेतला जातो. आम्ही सप्टेंबरच्या सुरुवातीलाच कागद जमवू लागलो. पारपत्र आणि त्याची प्रमाणित प्रत, जुना परवाना, विम्याचा उतारा, कर निर्धारणाची प्रत, घराचा भाडेकरार, आरोग्य विम्याची नोंद, छायाचित्रे, माझ्यासाठी विवाहाचा दाखला आणि कुटुंबाच्या स्थितीचा दाखला. शेवटचा दाखला आल्बेनियातून काढून, अपोस्टील करून, अधिकृत भाषांतरासह द्यावा लागतो आणि तो फार जुना चालत नाही, म्हणून तो सर्वांत शेवटी मागवावा. दोन वर्षांच्या परवान्याचे शुल्क पतींसाठी ३०० युरो होते. कुटुंबप्रमुखाचे उत्पन्नही पाहिले जाते. पायाभूत रक्कम वर्षाला साडेआठ हजार युरोंच्या आसपास होती, त्यावर पत्नीसाठी २० टक्के आणि प्रत्येक मुलामागे १५ टक्के वाढ धरली जाई. आमचे उत्पन्न काठावर होते. एका वकील बाईंनी दीडशे युरो घेऊन सगळी फाइल तपासली आणि माझे एर्गोसिमोचे उत्पन्नही कर विवरणात दाखवलेले असल्याने ते जोडायला सांगितले. ते पैसे योग्य ठिकाणी गेले असे मला वाटते. अर्ज भरून देणारे मध्यस्थ पुष्कळ होते, आणि बनावट एन्सिमा विकणारेही. त्यांच्याकडून दिवस विकत घेतलेल्या एका शेजाऱ्याचा परवाना नंतर रद्द झाला.

अर्ज स्वीकारला गेला, की निळ्या रंगाची पावती मिळते. परवान्याचा निर्णय येईपर्यंत ती पावती बाळगणारा माणूस कायदेशीररीत्या राहतो आणि काम करू शकतो. परंतु तिच्या आधारे शेंगेनमधील, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील, दुसऱ्या देशात जाता येत नाही. मायदेशी जाऊन परत यायची मुभा असे, तीही तेव्हा नाताळ, ईस्टर आणि उन्हाळा अशा सरकारने जाहीर केलेल्या मुदतींत. पतींना कोर्चा जवळ होते. शिवाय १५ डिसेंबर २०१० पासून बायोमेट्रिक पारपत्र असलेल्या आल्बेनियन नागरिकांना शेंगेनमध्ये व्हिसाविना ९० दिवस येता येत होते. माझ्यासाठी मात्र निळी पावती म्हणजे भारत किंवा ग्रीस, एवढेच. सासरी जाण्याचा मार्गही माझ्यापुरता बंद होता, कारण तो माझा मायदेश नव्हे. सासूबाईंच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मला जाता आले नाही. माझे वडील २०१३ मध्ये आजारी पडले, तेव्हा मी उन्हाळ्याच्या मुदतीत दोह्यामार्गे गेले. निळ्या पावतीवर भारतात जाणाऱ्यांनी फ्रँकफर्ट किंवा व्हिएन्नामार्गे तिकीट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. शेंगेनमधील विमानतळावरून परत येताना अडवले जाण्याचा धोका असतो.

वाट पाहण्याचे ते वर्ष बाहेरही फार अस्वस्थ होते. २०१३ मध्ये ग्रीसमधील बेकारी २७ टक्क्यांच्या पुढे गेली. परदेशी लोकांविरुद्ध उघड द्वेष पसरवणारा पक्ष २०१२ च्या निवडणुकीत संसदेत पोहोचला होता. त्या ऑगस्टपासून रस्त्यांवर परदेशी दिसणाऱ्यांची कागदपत्रे तपासण्याची मोठी मोहीम सुरू होती. पती दिसायला ग्रीकांसारखेच, त्यामुळे त्यांना क्वचित कोणी थांबवे. माझ्या वर्णामुळे मला अधिक वेळा थांबावे लागे. निळ्या पावतीची प्रमाणित प्रत मी नेहमी जवळ ठेवत असे आणि मूळ पावती घरी. घडी पडून फाटलेली पावती बदलून मिळवणे हेही एक वेगळेच काम होते, असे ओळखीच्या बायकांकडून कळले होते.

परवाने जानेवारी २०१४ मध्ये हाती आले. त्यांची मुदत मात्र जुना परवाना संपल्या दिवसापासून, म्हणजे ऑक्टोबर २०१२ पासून मोजलेली होती. दोन वर्षांसाठी शुल्क भरलेल्या परवान्याचे नऊ महिने उरले होते. हे आमच्याच बाबतीत घडले असे नाही. कित्येकांना परवाना संपल्यावरच हाती पडत असे. आनंद झाला नाही, हे खरे. पण त्या नऊ महिन्यांच्या कार्डावर आम्ही तिघे कोर्च्याला गेलो आणि सासूबाईंनी नातीला पहिल्यांदा आपल्या अंगणात पाहिले.

ऑक्टोबर २०१४ चे नूतनीकरण त्या मानाने सोपे गेले. त्या वर्षी स्थलांतराचे सर्व नियम एका नव्या संहितेत आणले गेले होते, परवाना तीन वर्षांचा झाला होता आणि शुल्क ४५० युरो. सर्वांत मोठा दिलासा म्हणजे वर्षाला लागणारे एन्सिमा ५० वर आणले गेले. हा बदल २०१२ मध्येच झाला असता, तर आमच्या ओळखीचे कितीतरी लोक कायदेशीर राहिले असते. वीस वर्षे हप्ते भरलेल्या माणसांना दोन-तीन वाईट वर्षांपायी बिनपरवाना ठरवणे अन्यायाचे होते, असे माझे ठाम मत आहे. परवाना गमावलेल्यांना पूर्वीच्या परवान्यांच्या आणि ग्रीसशी असलेल्या घट्ट संबंधांच्या आधारे विशेष कारणांखाली नव्याने अर्ज करता येत असे. त्यासाठी जुन्या परवान्यांच्या प्रती लागत, आणि त्या अनेकांनी टाकून दिलेल्या असत.

२०१५ च्या जूनअखेर बँका बंद झाल्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोंची मर्यादा आली. पतींच्या हाती असलेले एकमेव काम त्या आठवड्यात थांबले. त्याच जुलैमध्ये मात्र संसदेने नागरिकत्वाचा नवा कायदा केला. आधीचा २०१० चा कायदा देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरवला होता आणि इथे जन्मलेली हजारो मुले तेव्हापासून खोळंबली होती. नव्या कायद्यानुसार ग्रीसमध्ये जन्मलेल्या मुलाने पहिलीत प्रवेश घेतला आणि आईवडिलांपैकी एकाचे मुलाच्या जन्मापूर्वी सलग पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य असले, तर दोघांच्या संयुक्त अर्जावर त्याला नागरिकत्व मिळते. अर्ज करताना पालकाकडे वैध परवाना असावा लागतो. आमची मुलगी त्या सप्टेंबरमध्ये पहिलीत गेली. जन्माच्या वेळी आम्ही तिची नोंद आल्बेनियन म्हणून केली होती. आल्बेनियाला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला चालत नाही. मिश्र कुटुंबांनी हा विचार मूल जन्मताच करावा.

२०१६ च्या सुरुवातीला आम्ही अर्ज दिला. शुल्क १०० युरो. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला आणि पतींचे १९९८ पासूनचे प्रत्येक कार्ड, प्रत्येक निळी पावती. २००४ ते २००९ ही पाच वर्षे सलग सिद्ध करताना दोन परवान्यांमधील काही महिन्यांची फट एका जुन्या पावतीनेच भरून निघाली. २०१२ मध्ये दिवस कमी पडून परवाना गेला असता, तर मुलीच्या अर्जाच्या वेळी हाती काहीच नसते. निर्णय यायला वर्षाहून अधिक काळ लागला. या काळात शाळेचा वर्ग आणि घराचा पत्ता बदलला, तर ते कार्यालयाला लेखी कळवावे.

दिरांची गोष्ट वेगळ्या दिशेने गेली. त्यांनी गावी सफरचंदांची बाग धरली, पण पहिली काही वर्षे उत्पन्न नव्हते आणि २०१६ मध्ये त्यांना परत यावेसे वाटले. त्यांच्याकडे दीर्घकालीन निवासाचा दर्जा होता, परंतु सलग बारा महिने युरोपीय संघाबाहेर राहिल्यास तो जातो, हे जाताना त्यांना कोणी सांगितले नव्हते. व्हिसाविना ९० दिवस येता येते. त्या दिवसांत काम करता येत नाही. आता ते हंगामी शेतमजुरीचा व्हिसा कोर्च्यातील ग्रीक वाणिज्य दूतावासातून घेऊन येतात. निवृत्तिवेतनाचाही प्रश्न आहे. ग्रीसमध्ये किमान १५ वर्षे, म्हणजे ४५०० एन्सिमा भरल्याशिवाय ते मिळत नाही. त्यांचे त्याहून कमी भरले आहेत, आणि त्यांनी ग्रीस सोडले तेव्हा दोन्ही देशांतील कामाचे दिवस एकत्र मोजण्याचा करार लागू नव्हता. म्हणून हंगामातले दिवसही ते एर्गोसिमोवरच घेतात आणि दर खेपेला परतण्यापूर्वी विम्याचा उतारा काढून आमच्या घरच्या फाइलमध्ये लावून जातात.